कागदाच्या लगद्याचा मुखवटा पावसाळ्यात का फसतो, आणि न फसता कसा करायचा

मागच्या भाद्रपदात ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एक वहिनी कापडी पिशवीतून गौरीचे दोन मुखवटे घेऊन माझ्याकडे आल्या. वरून पाहिलं तर काम देखणं होतं. गालांवर हळदीची झाक, डोळ्यांची आखणी नेटकी, वर वार्निशची चकाकी. एक मुखवटा उलटा केला आणि नाकाच्या पोकळीत अंगठा दाबला, तर दुधात बुडवलेल्या पावात रुतावा तसा तो आत गेला. हनुवटीच्या आतल्या बाजूला काळपट हिरवी बुरशी होती. "अहो, दहा दिवस वाळवले मी," वहिनी म्हणाल्या. वाळवले होते हे खरं, पण बोटभर जाडीचे, एकाच बाजूने. आणि वरून रंग चढवून आतलं पाणी आतच कोंडलं होतं.

थोड्याफार फरकाने दर वर्षी हेच होतं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते. मापं दोन मुखवट्यांची आहेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत साधारण वीतभर उंचीच्या. भिंतीवरचा मुखवटा, वाडगा, मखराची कमान किंवा वेलबुट्टी करायची असेल तरी कृती हीच, फक्त साचा बदलतो.

१. आधी दिवस मोजा

नागपंचमीला कागद भिजत घातला तर गौरी आवाहनापर्यंत महिना मिळतो. तेवढा लागतोच. लगदा तयार करायला दोन दिवस, पहिला थर वाळायला सहा-सात, दुसऱ्याला पाच-सहा, नाक-ओठांच्या बारीक कामाला तीन-चार, मग अस्तर, रंग आणि वार्निश मिळून आठवडा. गोकुळाष्टमीला सुरुवात करणार असाल तर यंदा विकतचा मुखवटा आणा आणि हे काम दिवाळीनंतर निवांत करा. घाईत वाळवलेला लगदा मी अजून तरी टिकलेला पाहिला नाही.

जागा पंख्याखालची हवी. ठाण्यात जुलै-ऑगस्टात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. खाडीकडच्या इमारतींत तर मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. बंद बाल्कनीत किंवा बाथरूमबाहेरच्या कोपऱ्यात ठेवलेला लगदा तिथे वाळत नाही, कुजतो. तारेची जाळी, निदान इडलीच्या चाळणीसारखं भोकांचं काहीतरी, खालून हवा लागायला आधीच शोधून ठेवा.

२. कागद कोणता

साधं वर्तमानपत्र उत्तम. जुन्या वह्यांचा कागदही चालतो, पिना तेवढ्या काढा. अंड्यांचे करडे ट्रे मिळाले तर सोन्याहून पिवळं: ते मुळात लगद्याचेच असतात, रात्रभर भिजले की हातात विरघळतात.

पुरवण्यांचा गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नका. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, धागा कमी पडतो आणि वाळल्यावर लगदा भुगा होतो. दुकानाची गुळगुळीत बिलं नकोत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. खोक्याचा पुठ्ठा मजबूत होतो, पण तो तीन दिवस भिजवावा लागतो आणि वाटताना मिक्सर रडतो.

दोन मुखवट्यांना कोरडी रद्दी २०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. पुढची सगळी मापं यावरच बेतलेली आहेत.

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेला धागे सुटतात आणि तेच पुढे एकमेकांत गुंततात. कात्रीची कड साफ असते, ती उशिरा भिजते. नखाएवढे तुकडे पुरेत.

३. भिजवणं आणि उकळणं

तुकडे बादलीत भरपूर पाण्यात चोवीस तास भिजवा. मध्ये एकदा पाणी बदला, शाईचा काळपटपणा थोडा उतरतो. मग जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळा. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. उकळल्याने कागदातली जुनी चिकी सुटते आणि धागा मऊ होतो. "भिजलाय की चांगला" म्हणून ही पायरी गाळणाऱ्यांच्या मुखवट्यावर नंतर अक्षरं वाचता येतात.

४. वाटणं

मिक्सरचं भांडं जुनं, वेगळं ठेवलेलं. मूठभर कागद आणि भांडं तीन चतुर्थांश भरेल इतकं पाणी. पाणी कमी पडलं की पातं अडकतं, मोटर तापते आणि जळका वास येतो. पंधरा-वीस सेकंदांच्या तीन-चार फेऱ्या, मध्ये थांबून.

*तपासा:* काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर लगदा ढवळा आणि खिडकीच्या उजेडात धरा. ढगासारखा एकसारखा तरंगला पाहिजे. एकही अक्षर, एकही चपटा तुकडा दिसला तर परत वाटा.

*सावध:* लगद्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. धागे सिंकखालच्या वाकड्या पाइपात बसतात आणि तिथेच घट्ट होतात. बारीक कापडातून गाळून पाणी झाडांना घाला. माझ्याकडे प्लंबरने पाइपातून जे काढलं होतं ते अगदी छोट्या मुखवट्यासारखं दिसत होतं.

५. पिळणं

सगळं काम इथे ठरतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

जुन्या पंचात लगदा घेऊन गाठोडं बांधा आणि पिळा. किती? १०० ग्रॅम कोरड्या कागदाचा हाताने पिळलेला गोळा ३५० ते ४०० ग्रॅम भरायला हवा. म्हणजे आपल्या २०० ग्रॅमचे ७०० ते ८०० ग्रॅम. हजाराच्या पुढे गेला तर पाणी जास्त आहे: मैद्याची खळ पातळ होईल, थर घसरेल, वाळायला दुप्पट दिवस लागतील. सहाशेच्या खाली गेला तर गोळा इतका घट्ट होतो की खळ आत शिरत नाही.

आता तो गोळा मोकळा करायचा. इथे बहुतेक जणी चुकतात. पिळलेला गोळा तसाच खळीत टाकतात, मग कितीही मळला तरी आत वाटाण्याएवढ्या कोरड्या गुठळ्या राहतात. वाळल्यावर त्या आकसतात आणि त्यांच्याभोवती चीर जाते. परातीत घेऊन बोटांच्या टोकांनी गोळा कुस्करा, उपमा मोकळा करतो तसा. कंटाळवाणं आहे, वीस मिनिटं जातात. टीव्ही लावा आणि बसा.

६. खळ, मेथी, खडू

२०० ग्रॅम कागदाच्या लगद्याला हे लागतं:

मैदा ३० ग्रॅम आणि पाणी १८० मिली. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गाठी मोडा, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा. पांढरं दूध पारदर्शक होऊन चमच्याला लपेटायला लागलं की गॅस बंद. कच्ची खळ चिकटत नाही आणि लवकर आंबते.

मेथीदाणे २० ग्रॅम, रात्रभर भिजवून गुळगुळीत वाटलेले. हे मी सासूबाईंकडून उचललं. त्या वऱ्हाडातल्या. रद्दी आणि मेथी उखळात कुटून, पालथ्या घमेल्यावर थापून त्या टोपल्या करत. त्यातली एक अजून आमच्या माळ्यावर आहे, लसूण ठेवायला. मेथीत डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. त्याने लगद्याला लवचिकपणा येतो, थापताना तो तुटत नाही. वास दोन आठवडे राहतो, एवढं सहन करा.

पांढरा फेविकॉल ७५ ग्रॅम. कुठलाही पांढरा लाकडाचा गोंद चालेल.

खडूची पूड २०० ग्रॅम. हार्डवेअरच्या दुकानात 'व्हाइटिंग' म्हणून मागा. जांभळी नाक्याच्या बाजारात सुटी मिळते. ती धाग्यांमधल्या फटी भरते, लगदा कमी आकसतो, घासल्यावर गुळगुळीत होतो.

लवंगेचं तेल आठ-दहा थेंब, बुरशी जरा लांब राहते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असतो आणि आपण स्वयंपाकघरात काम करतो, म्हणून मी तो घरात आणत नाही. बुरशीवर खरा उपाय वेळेत वाळवणं हाच आहे.

क्रम असा: मोकळ्या लगद्यात आधी खडूची कोरडी पूड चोळून घ्या. मग मेथी, मग फेविकॉल, शेवटी खळ थोडी थोडी, लागेल तेवढीच. सगळी ओतायची नाही, लगदा सांगतो तिथे थांबायचं. मग कणकेसारखं दहा मिनिटं मळा.

*तपासा:* लिंबाएवढा गोळा ताटात दाबून चपटा करा. कडेला चिरा पडल्या तर खळ कमी. ताट ओलं झालं किंवा गोळा बोटांना लोंबला तर जास्त: थोडी पूड घालून मळा.

*सावध:* खडूऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस घालू नका, पंधरा-वीस मिनिटांत सगळा गोळा हातातच दगड होतो. पानाचा चुनाही नको, हात सोलवटतात.

मिश्रण उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. डब्यावर चिठ्ठी लावा. माझ्या दिरांनी एकदा डबा उघडून, "वहिनी, इडलीचं पीठ आंबलंय बहुतेक," असं सांगितलं होतं. ते चाखायच्या आत मी पोचले म्हणून बरं.

७. खालचा साचा

चेहरा आधी शाडूत घडवायचा. शाडू एका सपाट फळीवर घ्या, अर्धा चेहरा, म्हणजे कानापासून कानापर्यंतचाच उभार. दोन गोष्टी सांभाळा.

पहिली: आत वळलेली जागा नको. हनुवटीखाली किंवा कानामागे माती आत गेली की लगदा तिथे अडकतो आणि काढताना तुटतो. वरून सरळ खाली बघा. मातीचा जो भाग दिसत नाही तो भरून काढा.

दुसरी कोणी सांगत नाही. वर आठेक मिलिमीटर लगदा चढणार आहे, म्हणजे सगळं नाक-तोंड बोथट होणार. म्हणून शाडूतला चेहरा मुद्दाम हडकुळा करा. नाक सुरीच्या पात्यासारखं बारीक, डोळ्यांच्या खोबणी खोल, गाल बसलेले. मातीत पाहिलं तर ती गौराई नसते, आजारी कुणीतरी दिसते. लगदा चढला की अंग भरतं. पहिल्या वर्षी मी मातीतच सुरेख गोल चेहरा केला होता. शेवटी जो मुखवटा निघाला त्याला गालगुंड झाल्यासारखं वाटत होतं.

शाडू बोट दाबल्यावर ठसा उमटणार नाही इतपत घट्ट होऊ द्या, दोन दिवस. मग त्यावर डबे झाकायची पातळ पारदर्शक पन्नी सुरकुत्या न पाडता बसवा. पन्नीवर वर्तमानपत्राच्या ओल्या पट्ट्यांचे दोन थर: पहिला नुसत्या पाण्याचा, दुसरा पातळ खळीचा. पन्नी नसेल तर मातीचं पाणी लगद्यात चढत राहतं आणि आतली बाजू वाळतच नाही.

८. पहिला थर

जाडी ४ ते ५ मिलिमीटर. थालीपीठ थापतो तेवढीच. तुकडे शेजारी शेजारी लावा, कडा एकमेकींवर चढवून बोटांनी मिसळा. मध्यापासून कडेकडे थापा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मधून मधून टाचणी टोचून जाडी मोजा. नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर लगदा आपोआप साचतो, तिथे हमखास बोटभर होतो. तिथून काढा.

कडेला थर पातळ करत नेऊ नका. कड जाडच ठेवा, आतल्यापेक्षा किंचित जास्त. पातळ कड आधी वाळते आणि पापडासारखी वर वळते.

मुखवटा स्टँडला किंवा डब्याला बांधायचा असेल तर तारेच्या कड्या आताच बसवायच्या: दोन कानशिलांपाशी, एक माथ्यावर. तार तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. साधी लोखंडी तार ओल्या लगद्यात गंजते आणि तपकिरी डाग तीन थर रंगातूनही वर येतो.

९. वाळवणं

पहिले दीड-दोन दिवस साच्यावरच, पंख्याखाली. उन्हात ठेवू नका. श्रावणातलं ऊन अर्धा तास कडक असतं, तेवढ्यात वरची साल वाळून आकसते, आतला ओला लगदा जागचा हलत नाही आणि कपाळावर आडवी चीर जाते. केस वाळवायच्या ड्रायरनेही तेच होतं.

टोकल्यावर थर हलत नाही आणि रंग फिका पडायला लागला, की मुखवटा पन्नीसकट साच्यावरून उचला. आधी कडेने उलथन्याची पात फिरवा, मग कपाळाकडून सोडवा. पन्नी आतून सोलून काढा. तो अजून ओलसर असतो, जरा वाकतोही. आत सुक्या कागदाचे बोळे सैल भरा, आकार धरून राहील, आणि जाळीवर ठेवा. बोळे रोज बदला, ओलावा ओढून घेतात. दर सहा-आठ तासांनी पालथा-उताणा करा. ज्या बाजूला हवा कमी लागते तिकडे तो वळतो.

एसी असेल तर रात्री ड्राय मोडवर त्याच खोलीत ठेवा. दुसऱ्या दिवसानंतर कोवळं ऊन मिळालं तर द्या.

वाळला हे कसं ओळखायचं? हाताला कोरडा लागणं काही कामाचं नाही, साल आधी वाळते. गालाला लावून पाहा: गार लागला तर पाणी अजून उडतंय. पण खरा निकाल वजनकाटा देतो. रोज एकाच वेळी वजन करा आणि फ्रीजवर लिहून ठेवा. गेल्या वर्षीच्या एका मुखवट्याचे आकडे: साच्यावरून काढला तेव्हा २१२ ग्रॅम, मग १६८, १३४, ११७, १११, १११. सलग दोन दिवस वजन तेच आलं, तेव्हा वाळला. एकशे सतरावर हाताला तो अगदी खडखडीत वाटत होता. त्यात अजून सहा ग्रॅम पाणी होतं, सव्वा चमचा.

*सावध:* तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला किंवा पांढरी लव दिसली तर झाकू नका. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा, पंखा जवळ आणा. लव काळी-हिरवी होऊन आत उतरली असेल तर तो तुकडा कापून टाका आणि नवीन लगदा भरा.

१०. दुसरा थर आणि चेहऱ्याचं बारीक काम

वाळलेल्या थरावर ओला लगदा थेट चिकटत नाही, वाळल्यावर साल निघते. आधी अर्धा फेविकॉल, अर्धं पाणी असं मिश्रण ब्रशने लावा, ते चिकट असतानाच ३ मिलिमीटरचा दुसरा थर थापा. आत परत कागदाचे बोळे घट्ट भरून आधार द्या. नव्या थराच्या पाण्याने जुना थर मऊ पडतो आणि मुखवटा पसरतो. कान-कान अंतर पट्टीने मोजून ठेवा आणि वाळताना एकदोनदा ताडून पाहा.

परत वजनकाटा, परत दोन दिवस सारखा आकडा.

आता नाक, ओठ, पापण्या. मूठभर लगद्यात दोन-तीन चमचे खडूची पूड आणि थोडा फेविकॉल घालून लोण्यासारखं होईपर्यंत मळा, हवं तर सुती कापडातून दाबून काढा. हे बोटांनी नाही, दात कोरायच्या काडीने आणि जुन्या चमच्याच्या दांड्याने करायचं. नाकाचा शेंडा उंच हवा असेल तर लगद्याचाच जाड गोळा लावू नका. आत सुक्या कागदाची घट्ट गुंडाळी, वर पातळ लगदा. वहिनींचं नाक फसलं ते इथेच.

ओठ किंचित मिटलेले, कोपरे जराच वर. फार वर नेले तर गौराई कुणाची थट्टा करतेय असं दिसतं.

नथीचं आणि कुड्यांचं भोक याच वेळी पाडा, काडीने, हवं त्यापेक्षा थोडं मोठं. अस्तर आणि रंगाने ते लहान होतं. वाळल्यावर सुईने टोचाल तर टवका उडेल. मोत्याची नथ जड असते. भोकाच्या आतल्या बाजूला कापडाची नखभर चकती फेविकॉलने लावून घ्या.

११. घासणं

कोरडा लगदा थेट घासला तर लव उठते, कितीही घासा, गुळगुळीत होत नाही. आधी पातळ फेविकॉलचा एक हात, तो वाळला की लव ताठ उभी राहते, मग ती सहज कापली जाते. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. नाकाभोवती पेपर पेन्सिलीला गुंडाळून. काम बाल्कनीत, नाकातोंडावर मास्क बांधून करा, खडूची धूळ घरभर होते.

१२. अस्तर

खडूची पूड, फेविकॉल आणि पाणी कालवून ताकाएवढं पातळ करा. तीन हात, प्रत्येक वाळल्यावर पुढचा. एक जाड हात दिला तर त्याला जाळीसारख्या चिरा पडतात. मधल्या हातानंतर २२०ने हलकं घासा.

आतूनही दोन हात द्या. बाहेर रंग-वार्निश आणि आत उघडा कागद असेल तर पुढच्या पावसाळ्यात आतली बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि मुखवटा हळूहळू सपाट होत जातो.

१३. रंग आणि वार्निश

ॲक्रिलिक रंग घ्या. पोस्टर कलर स्वस्त पडतात, पण वार्निशचा ब्रश फिरला की डोळ्यांचं काजळ गालावर येतं. हे मी स्वतः केलंय, आवाहनाच्या आदल्या रात्री. साडेअकराला परत अस्तरापासून सुरुवात केली.

अंगाचा रंग एकदम गडद नको. पांढऱ्यात पिवळा, जरासा तांबडा, दोन-तीन पातळ हात. गालांवरची लाली जवळजवळ कोरड्या ब्रशने. आखणी सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, चहा पिण्याआधी (माझा हात नंतर हलतो). दोन्ही डोळ्यांच्या मधोमध पेन्सिलीने आडवी रेघ आखून घ्या. एक बुबुळ रंगवून दुसरीकडे जाऊ नका, दोन्ही टप्प्याटप्प्याने बरोबर पुढे न्या. मधूनच मुखवटा आरशात धरून पाहा, तिरळेपणा तिथे लगेच कळतो.

वार्निश पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक, रंगानंतर किमान दोन-तीन दिवसांनी, दोन पातळ हात. स्प्रेचा लॅकर पावसाच्या दिवशी मारू नका. दमट हवेत तो दुधाळ होतो आणि चेहऱ्यावर धुकं बसल्यासारखं दिसतं.

*सावध:* वार्निश चढवलं तरी हा कागदच आहे. समई आणि निरांजन मुखवट्यापासून, आणि साडीच्या पदरापासूनही, दोन हात लांब. आरतीच्या वेळी ताट जवळ नेणाऱ्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा.

१४. गौरी गेल्यावर

हा मुखवटा विसर्जनाचा नाही. तलावात, अगदी कृत्रिम तलावातही, टाकायचा नाही: कागद पाण्यात कुजतो, पाण्यातला प्राणवायू खातो, वर रंग-वार्निश. विसर्जनाला हळद-कुंकू, फुलं, खडे जे असेल ते न्या आणि मुखवटा घरी ठेवा.

दागिने उतरवल्यावर कुंकवाचे डाग किंचित ओल्या कापडाने पुसा आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवून मगच बांधा. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आत घाम धरतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पोकळीत सुक्या कागदाचे बोळे भरा, म्हणजे वर काही ठेवलं गेलं तरी नाक दबणार नाही. खळीचा वास कसरीला आवडतो, म्हणून गुंडाळीत चार लवंगा आणि कडुनिंबाचा सुका पाला. जागा माळ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून नको, ती ओल धरते. कपाटाचा वरचा कप्पा बरा.

संक्रांतीच्या सुमाराला एकदा सोडून पाहा. त्या वेळी हवा कोरडी असते, बारीक चीर असेल तर दिसते. लोण्यासारखा केलेला तो लगदा चमचाभर करून चीर भरा, घासा, तेवढ्याच जागी रंग लावा. वहिनींच्या मुखवट्याचंही असंच केलं. नाक कापून काढलं, आतला ओला भाग नखाने खरवडला, आठ दिवस वजन करत बसलो आणि नवीन नाक बसवलं. जुन्यापेक्षा जरा धारदार झालंय, पण त्यांच्या सासूबाई म्हणाल्या की नथ आता जास्त शोभते.